शेजारची फिल्म

३ जून १९९४
आज बंगळूरला, मल्लेश्वरमच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून रुजू झाले. खोली हवेशीर आहे, खिडकीबाहेर शेवगा. फिल्म धुणारे मल्लाप्पा बेळगावकडचे. मी ओलीच फिल्म ओढायला गेले, तर म्हणाले, स्वल्प दम धरा अक्का, हाड कुठं पळून जात नाही. हसू आलं. मल्हार गेल्यापासून पहिल्यांदाच.

नागपूरहून त्याची एक फिल्म तेवढी आणली आहे. माझा धाकटा भाऊ, सोळा वर्षांचा. नडगी दुखते म्हणाला. मी फिल्म बघून मुका मार ठरवला.

५ जून
मार लागला की हाडावर एक गुळगुळीत पदर चढतो, तो बरं होण्याचा. कांद्यासारखे पदरावर पदर दिसले की कर्करोगाची शंका घ्यायची. मल्हारच्या हाडावर पाच होते, मी एक मोजला. पुन्हा चूक नको म्हणून आता प्रत्येक फिल्म त्याच्या फिल्मशेजारी लावून वाचते.

आज यल्लव्वा नावाच्या बाईंची नऊ वर्षांची मुलगी पवित्रा आली. पायरीवरून पडलेली. नडगीवर एकच पदर. मुका मार, असं मीच लिहून दिलं.

८ जून
पवित्राच्या फिल्मवर दोन. वाळलेली फिल्म बदलत नसते. मल्हारच्या फिल्मवर चार. क्लिनिकचे प्रमुख बिंदुमाधव सर, त्यांना सांगितलं तर हसून म्हणाले, वासंतीबाई, कांदा भज्यांत शोधा.

१० जून
पवित्राची नवी फिल्म काढली. तीन. यल्लव्वा सांगत होत्या, पोर पाय टेकत नाही.
मल्हारच्या फिल्मवर दोन. त्याचं हाड बरं होतंय. मी बराच वेळ बघत बसले. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.
त्याची फिल्म कपाटात ठेवून कुलूप लावलं.

११ जून
कुलूप तसंच. फिल्म मात्र दिव्याच्या पेटीवर, पवित्राच्या शेजारी. त्याच्यावर एक. तिच्यावर चार.

१२ जून, सकाळ
उद्या त्याचं हाड स्वच्छ होईल आणि पोर — नाही. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात जुनी फिल्म कोरी होते. बादली भरली आहे. मल्हार, राग माझ्यावर काढ.

दुपार
बुडवली. गुडघा गेला. घोटा गेला. पवित्राच्या फिल्मवर तीन — दोन — उतरताहेत.
माझी नडगी ठणकतेय. कातडीखाली बोटाला कंगोरा लागतो. दोन झाले. कोऱ्या फिल्मवर पुन्हा हाड उमटतंय — त्याचं नाही, माझं —
फिल्म बाहेर काढणार नाही. आण, हवे तेवढे पदर आण. पोरीचा पाय तुला मिळणार नाही.
चार. पाच. मी मोजतेय, ऐकतोयस ना? सहा —