चार नंबर

९ नोव्हेंबर २०२०, व्होलोस, ग्रीस
पुन्हा लॉकडाऊन. लग्नं बंद, म्हणजे सूट शिवणं बंद. दुकानाचं शटर खाली. तात्पुरतं.
घराबाहेर पडायला सरकारला मेसेज करायचा, कारणाचा नंबर टाकून. दोन म्हणजे सामान आणणं. सहा म्हणजे व्यायाम. चार म्हणजे गरजूंना मदत. माझ्यासारख्याला चारच शोभतो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
चार पाठवला. चर्चच्या तळघरात अन्नवाटप. प्रमुख एव्हान्थियाबाई, पूर्वी शाळेत स्वयंपाकीण. मी सेवा देऊ केली. त्यांनी भरलेली पिशवी हातात दिली. म्हणाल्या, आधी हे घरी न्या, मास्तर. घरी म्हणजे आमच्या इमारतीत, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पोलिक्सेनीबाईंकडे. वय त्र्याऐंशी. नाव घेतलं नाही, पण मला इशारा पुरतो.
आभार कोणी मानले नाहीत. हरकत नाही.

१३ नोव्हेंबर
मसूर तपासल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला देणं बरं नव्हे. तपासायचा तर शिजवावाच लागतो. चांगला निघाला. उरलेला उद्या वर नेणार.

१५ नोव्हेंबर
उरला नाही. त्या वयाला मसूर जडच.

१९ नोव्हेंबर
स्वयंसेवकांना हिरवी जाकिटं. सगळ्यांचे खांदे उतरलेले. फिटिंग करून देतो म्हटलं. एव्हान्थियाबाई म्हणाल्या, आधी रांगेत उभे राहा. बरोबर आहे, पाहणी रांगेतूनच नीट होते. पुढे लाझारोस, लग्नांत क्लॅरिनेट वाजवतो. त्याचा काळा सूट मीच शिवलेला. म्हणाला, अरे मास्तर, तुम्हीपण? मी म्हटलं, सुपरव्हिजन. तो म्हणाला, वा, मग या मागे, माझ्या पुढेही वीस सुपरवायझर आहेत.
वाजंत्रीवाल्यांना पोच नसते.

२६ नोव्हेंबर
पास्ता, डब्यातलं दूध, फेटा चीज. पास्ता चावायला दात हवेत. चीज खारट, पोलिक्सेनीबाईंना ब्लडप्रेशर असणार. दूध पचत नसावं. मनाला लागतं, पण काय करणार.
ठरवलं: पुढची पिशवी न उघडता वर.

३ डिसेंबर
उघडली.

१० डिसेंबर
परतताना पोलिसाने अडवलं. कारण? चार. पिशवीकडे बघत म्हणाला, मदत द्यायला गेलेला माणूस भरली पिशवी घेऊन परत? पोलिक्सेनीबाईंचं सांगितलं. तो विरघळला. म्हणाला, माझी आईपण एवढीच आहे हो. पिशवी माझ्या हातून घेऊन तीन मजले चढला. मी मागे. पोलिक्सेनीबाईंनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, ठेवा तिथे. पोलिसाने मला सलाम ठोकला.
घरात अर्धा पाव.

११ डिसेंबर
पाव संपला. कॉफी आहे. नाताळाआधीचा उपास यंदा कडक पाळायचं ठरवलं.

१२ डिसेंबर, दुपार
बेल. पोलिक्सेनीबाई. एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी, पिशवीत पातेलं. म्हणाल्या, सरका मास्तर, गरम आहे. मसूर.
म्हणाल्या, माझी पिशवी सोमवारी घरपोच येते. गुरुवारची तुमची. एव्हान्थियाला तुमचं नाव मीच दिलं होतं. मग म्हणाल्या, चार नंबर पाठवूनच खाली उतरले, जिन्यात पोलीस भेटला तर काय घ्या.
मी चव घेऊन म्हटलं, मीठ कमी आहे.
मग टाका की, म्हणाल्या. मीठ तरी आहे ना घरात?
मीठ होतं.

१७ डिसेंबर, गुरुवार
अंगठा बराच वेळ चारवर. दोन पाठवला. परवानगी आली. चारला यायची तेवढ्याच वेळात.
रांगेत पुढे लाझारोस. आज सुपरव्हिजन नाही का, म्हणाला. नाही म्हटलं.
आभाराचं वाक्य घरूनच तयार करून नेलं होतं. दोनदा म्हणूनही पाहिलं. एव्हान्थियाबाईंनी पिशवी हातात दिली, आणि मी म्हणालो, तुमच्या जाकिटाचे खांदे आत घ्यायला हवेत.