आयचं एक वाक्य

श्रीवर्धन,
३ जून २०२४

चि. भक्तीस,
रतनताईचे अनेक आशीर्वाद.

थळला सगळे खुशाल असाल. सोबत सुपारी आणि माझ्या आठवणींचं बाड पाठवते आहे. छापायला देण्याआधी तुझं मत हवं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आता आपली वही देताना छातीत धडधडतं. हसू नकोस. आयचं प्रकरण विशेष बघ. मोकळेपणाने लिही, मी रागावणार नाही.

माया आहेच, ती वाढव.
तुझी ताई

थळ,
१९ जून २०२४

ती. रतनताईस,
भक्तीचा सा. न. वि. वि.

सुपारी पोचली. ताईला माझे दात पाडायचेत का, असं ह्यांनी विचारलंय.

बाड वाचलं. तुझी आय म्हणते, 'बाळांनो, मी आता फार थकले आहे.' मिठागरात उन्हातान्हात मीठ ओढणारी आपली आय, ठमी, असं कधी बोलली? ती म्हणायची, 'बसाला टाईम हाय कुनाला?' तुझ्या बाडातली बाई मुख्याध्यापिका आहे.

तेवीस वर्षांपूर्वी मी तुला माझी पहिली कथा दाखवली होती. आयच्या तोंडचं प्रत्येक 'हाय' खोडून तू 'आहे' केलंस. खाली लिहिलंस, 'घरची लाज चव्हाट्यावर आणू नये. दहापैकी दोन.' त्यानंतर मी कथा लिहिली नाही.

तुझ्या बाडावर मीही लाल पेन चालवलं आहे. गुण तेवढेच.

राग नसावा, तू कबूल केलं आहेस.
भक्ती

श्रीवर्धन,
२८ जून २०२४

चि. भक्तीस,
आशीर्वाद.

दोन दिवस जेवण गेलं नाही. सूड घेतलास. पण तुझ्या खुणा खऱ्या आहेत, हेच जास्त लागलं.

मला आयचं बोलणं आता ऐकूच येत नाही गं. नोकरी लागल्यावर मी तिला सारखी 'नीट बोल' म्हणायचे. मग ती माझ्यासमोर बोलायचीच थांबली. जाऊनही अकरा वर्षं झाली.

एकच वाक्य दे. मी नोकरीला निघाले त्या सकाळी ती उंबऱ्यात काहीतरी म्हणाली. तू दहा वर्षांची, तिच्या पदराला धरून उभी होतीस. तुझ्या कथेत ते होतं. मोठी असून पाया पडते, तेवढं लिहून पाठव.

वाट बघते.
ताई

थळ,
९ जुलै २०२४

ती. रतनताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात 'पाया पडते' वाचलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दोनदा वाचलं.

ते वाक्य मला तोंडपाठ आहे, पण मी लिहून देणार नाही. सोबत माझ्या कथेचं सातवं पान आहे. पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. वाक्य त्यातच आहे. तू ते इतकं गिरवून खोडलंस की कागद फाटलाय. सुरुवातीचं 'रतने' दिसतं, शेवटचं 'न्हाय' दिसतं. मधलं सगळं तुझ्या शाईखाली. खिडकीपाशी उजेडात धरून बघ.

वाक्य लागलं तर कळव. नाही लागलं तर तेही कळव. मला तुझं मत हवं आहे.

लोभ आहे, म्हणून मूळ पान पाठवते, झेरॉक्स नाही.
भक्ती