एकच नाव दिलं

१४ जुलै २०२५, सोमवार
मुली सकाळपासून होस्टेलच्या गेटवर बसल्यात. सांगलीत दिवसभर पाऊस, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. जूनपासून टाकीच्या पाण्यात अळ्या निघतायत. तिघींना कावीळ झाली. गृहपाल म्हणून मी वर सात पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. मग बसतील नाहीतर काय करतील?

१५ जुलै
वरच्या ऑफिसातून साहेबांचा फोन. "पाण्याचं बघू. आधी पुढारी कोण ते सांगा."
चाळीस मुलींच्या पाण्याला सवड नाही, नावं मात्र उद्याच्या उद्या पाहिजेत!
शहाण्णव साली कराडच्या होस्टेलवर आम्हीही असंच बसलो होतो — संडासांना दारं नव्हती म्हणून. रेक्टर मनुबाईंनी माझं नाव घरी कळवलं. वडील, आप्पा, नुकतेच फौजेतून परतलेले. मला मलकापूरला घरी नेलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. बी.ए. पुढं बाहेरून केलं. निघताना मनुबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या भल्यासाठीच कळवलं गं." त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

१६ जुलै
साहेब म्हणाले, नाव नाही तर तुमचं कंत्राटही पुढं नाही.
दिलं. एकच. सगळ्यांत पुढं बसणाऱ्या अंकिताचं.

१७ जुलै
साहेबांचा फोन गेला तसे अंकिताचे वडील, बिरदेव, आटपाडीहून मोटारसायकलवर आले. ओलेचिंब. माझ्यापुढं हात जोडले. "लय उपकार झालं, मॅडम. तुमी नाव कळवलंसा म्हणून बरं, न्हाईतर पोरगी हातची गेली आसती."
सांगायला हवं होतं — पोरगी वर्गात पहिली आहे, तिनं फक्त पाणी मागितलं. मी काय म्हणाले? "तिच्या भल्यासाठीच." जीभ कशी झडली नाही माझी.
अंकिता बॅग भरत होती. वर पाहिलंसुद्धा नाही.

१८ जुलै
साहेब खुशीत. "बघा, एक उचलली की बाकीच्या गार."
गार कसल्या! सगळ्या बसल्यात. टाकी अजून तशीच. निर्लज्ज माणसं — आणि त्यांच्यात मी.

२० जुलै, रविवार
एसटीनं आटपाडीला गेले. बिरदेवना सगळं सांगितलं. पाण्याचं, साहेबांचं, माझं मलकापूरचंही.
"म्हंजे तुमाला ठावं हुतं की, मॅडम."
"हो."
"ठावं आसून दिलं?"
अंकिताला धाडता का, विचारलं. "बघू," म्हणाले. ती आतून बाहेर आलीच नाही.

२१ जुलै
सकाळी गेटवर जाऊन मुलींत बसले. कंत्राट गेलं तर जाऊ दे.
अंकिताच्या खोलीतली शिवांजली उठून जवळ आली. आवाज चढवला नाही. "मॅडम, अंकिता परत आली की तुम्हाला आमच्यात घ्यायचं का ते तिला विचारू. तोवर तुम्ही आतच बसा."
उठले. आत आले.