रेघेवरचा तारा

सोए, ९ ऑक्टोबर १९९४

चि. जेमी यास वेलमी तांताचे अ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनातून तुझा कान पिळावासा वाटतो आहे. तो कुपांगला आहे म्हणून वाचला.

वर्तमानपत्र आलं. चष्मा सापडेना, म्हणून शेजारच्या ओर्पाबाईंकडून वाचून घेतलं. त्यांनी ते इतक्या मोठ्याने वाचलं की अख्ख्या गल्लीला कळलं. वृश्चिकाच्या शेपटीच्या छायाचित्राला पहिलं बक्षीस, हातात ढाल, अंगात तुझ्या बापाचा कोट. वार्ताहराला तू सांगितलंस की कॅमेरा वीस मिनिटं उघडा ठेवूनही तारे ठिपक्यांसारखे उमटले, ते तुझ्या चिकाटीमुळे. आणि सख्ख्या आत्याबद्दल एकच ओळ. काय, तर तिने मक्याचा जागुंग बोसे रांधून खाऊ घातला!

मी स्वयंपाकीण आहे का रे तुझी? मोठ्या ठिकाणी एक माणूस सगळा वेळ दुसऱ्या दुर्बिणीतून ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारं यंत्र जरा चुकलं की सावरतो. आपल्याकडे ती दुसरी दुर्बीण नाही. म्हणून यंत्राचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी आधीच असा जुळवावा लागतो की नंतर हात लावायलाच नको. उत्तरेकडच्यांना ध्रुवतारा आहे, त्यावर रोखलं की काम झालं. आपल्याला इथे तसा तारा नाही. डोक्यावरचा एक तारा धरायचा, मग पूर्वेचा एक धरायचा, तो दुर्बिणीच्या भिंगातल्या रेघेवरून वर सरकतो की खाली ते बघायचं आणि बोल्ट केसाएवढा फिरवायचा. तू इथे होतास त्या तीन रात्री माझी कंबर मोडली त्यात. तू शेवटी कॅमेऱ्याचं बटण दाबलंस. बटण ओर्पाबाईंच्या कोंबडीनेही दाबलं असतं.

वर्तमानपत्राला दुरुस्ती पाठव. तोवर लोभ शिल्लक आहे असं समजू नकोस.

तुझी तांता,
वेलमी

कुपांग, १७ ऑक्टोबर १९९४

ती. वेलमी तांता यांस जेमीचे सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. कोंबडीपर्यंत वाचलं आणि फाडणार होतो. मग वाटलं, नको, उत्तरच द्यावं.

तीन रात्री बोल्ट तुम्ही फिरवलेत, कबूल. पण भिंगाला डोळा कोणी लावला होता? मी. तुम्ही म्हणालात, शिकून घे, तूच बघ आणि मला वर-खाली सांग. मान अवघडून दगड झाली माझी. मी वर म्हटलं की तुम्ही फिरवायचं, खाली म्हटलं की उलटं फिरवायचं. तुम्ही एकदाच भिंगाला डोळा लावलात, दुसऱ्या रात्री. बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, हं, तारा अगदी रेघेवर आहे.

तांता, तेव्हा दुर्बिणीवरचं झाकण मी काढलेलं नव्हतं.

तुम्ही वळल्यावर गुपचूप काढलं. आजवर कोणाला बोललो नाही. वार्ताहराने विचारलं की आत्या काय करत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून खरं निघेना आणि खोटंही निघेना, म्हणून जेवणाचं सांगितलं. तुम्हाला वाचवायला गेलो आणि वर तुमच्याच शिव्या खाल्ल्या! काल रागाच्या भरात हे सगळं बाबांना सांगून टाकलं. ते म्हणतात, तुम्ही मोटरसायकल कशी चालवता?

तुम्हाला दिसत नाही तांता. चष्मा हरवलेला नाही.

राग मलाही येतो, एवढं ध्यानात ठेवून माया करा.

तुमचा,
जेमी

सोए, २ नोव्हेंबर १९९४

जेमी,

तुझ्या बापाने इथे येऊन काय उजेड पाडला ते ऐक. माझा थोरला भाऊ, पण अंगणात उभा राहून चार बोटं नाचवत विचारतो, किती आहेत सांग. मी म्हटलं, पाच, आणि पाचवं तू माझ्या आणि तुझ्या मुलाच्या भानगडीत घातलेलं. तो हसला नाही. मोटरसायकलची किल्ली खिशात घालून गेला.

तिथून तो थेट आमच्या मुख्याध्यापकांकडे गेला. आता भौतिकशास्त्राचे प्रयोग माझ्याकडे नाहीत. मी फक्त फळ्यावर शिकवायचं, तेही एका मुलीने फळा वाचून दाखवायचा. चर्चमध्ये बायबलचं वचन वाचायची माझी पाळी काढून घेतली. रस्ता ओलांडायला लागले की कोणीतरी कोपर धरतं. काल एकाने धरलं तेव्हा मला पलीकडे जायचंच नव्हतं.

हे तुझ्यामुळे. माझी फजिती पाहिलीस, ती मला एकटीला सांगायचीस. समोर बसून सांगायचीस. घरभर वाटायची नव्हती.

आणि डोळे दाखवा म्हणून मागे लागू नका. तुझ्या आजीच्या डोळ्यांत असंच धुकं आलं होतं. बाजारात फिरणाऱ्या एका वैदूने सुईने काढून देतो म्हटलं, आणि काढलं. ती ओरडली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. त्यानंतर त्या डोळ्याने तिला काही दिसलं नाही. मला निदान धुकं तरी दिसतं.

नाताळला येऊ नकोस.

वेलमी

कुपांग, २० नोव्हेंबर १९९४

ती. तांतांना सा. न. वि. वि.

आजीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांनाही ती सुई माहीत नाही. ते तेव्हा बोटीवर नोकरीला होते. तुमचं पत्र दिलं, तर वाचून अंगणात जाऊन बसले आणि जेवले नाहीत. किल्ली या पाकिटात आहे. त्यांनीच ठेवायला सांगितलं. पण बरं दिसेपर्यंत चालवू नका असंही म्हणाले, आणि ते मलाही पटतं.

झाकणाबद्दल मी माफी मागणार नाही. ते खरं होतं. बाबांना सांगितलं, त्याबद्दल मागतो. तुम्ही म्हणता तसं समोर बसून सांगायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही.

वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली आहे. कात्रण सोबत आहे. यंत्राचा अक्ष वेलमिंचे बानुनाएक यांनी जुळवला, तुमच्या पूर्ण नावानिशी एवढंच आहे त्यात. डोळ्यांचं काही नाही.

आता तुम्हाला राग येईल असं एक सांगतो. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या बाजारात फिरत नाहीत. म्हणाल्या, जानेवारीत या, एका वेळी एकच डोळा करू, बिघडला तर दुसरा आहेच. हे त्या हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही, पण तुम्हाला येईल असं वाटलं. मी न्यायला येतो. ओरडायचं असेल तर बसमध्ये ओरडा, पण चला.

नाताळला बोलावलं नाहीत तरी फाटकापर्यंत येणार आहे. तेवढा हक्क राहू द्या.

तुमचा,
जेमी

सोए, २६ फेब्रुवारी १९९५

चि. जेमी यास अ. आ., आणि या खेपेला ते मनापासून सुरू केले होते.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटून बरेच दिवस झाले. ओर्पाबाई किती म्हाताऱ्या झाल्यात रे! त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, आरशात बघून या. बघून आले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. तू फाटकापर्यंत म्हणून आलास आणि घरात शिरलास, बसमध्ये माझ्या शिव्या ऐकत पिशवी सांभाळलीस, पट्टी होती तोवर वाढून खायला घातलंस. हे सगळं छान लिहिणार होते.

मग तू भिंतीवर लावून गेलेलं ते छायाचित्र खाली काढलं. बक्षिसाचं. उजेडात धरलं, वर भिंग धरलं.

जेमी, तारे गोल नाहीत!

एकही तारा गोल नाही. सगळे लांबट, तांदळाच्या दाण्यासारखे. आधी यंत्र फिरवणाऱ्या मोटारीवर संशय घेतला. पण मोटार चुकली असती तर ओढ पूर्व-पश्चिम आली असती. ही उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे अक्षच जुळलेला नव्हता. परीक्षकांना कळलं नाही, वर्तमानपत्राला कळलं नाही, आणि आपण दोघं हे माझं की तुझं म्हणून एकमेकांचे गळे धरत होतो. असल्या चित्रासाठी!

शेवटच्या रात्री मी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, सरकतोय का अजून? तू म्हणालास, थांबला तांता, हलत नाही. खरं सांग, थांबला होता का?

उत्तर दे. ते येईपर्यंत माझा राग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आहे असं धर.

तुझी तांता,
वेलमी

कुपांग, ५ मार्च १९९५

ती. तांतांना सा. न. वि. वि.

नव्हता थांबला. अगदी हळू खाली उतरत होता. थंडीने बोटं बधिरली होती आणि मला झोप आली होती. वाटलं, एवढ्याशाने काय होतंय. तुम्ही बघून खात्री करणार नाही हेही मला माहीत होतं. झाकणापेक्षा हे वाईट आहे.

ढाल स्पर्धावाल्यांना परत नेऊन दिली. ते म्हणाले, आम्हाला तर तारे गोलच दिसतात, उगाच कशाला? मी टेबलावर ठेवली आणि आलो.

मे महिन्यात आभाळ उघडलं की येतो. जेवढं बोलायचं राहिलंय तेवढं आल्यावर बोला. पण या वेळी भिंगाला डोळा तुम्ही लावा, बोल्ट मी फिरवतो, आणि तुम्ही थांबला म्हणेपर्यंत मी काही बोलणार नाही. मग मला एकदा बघू द्या. तांता, रेघेवर थांबलेला तारा मी अजून बघितलेलाच नाही.

तुमचा,
जेमी