गार्थने खाली सरकवू नये अशी रेघ

मी, मेरिन जोन पेलो, वय सत्तेचाळीस, शाळेच्या उपाहारगृहात स्वयंपाकीण, राहणार पोर्ट पिरी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. सोमवारी ॲडलेडला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. सर्जनबाईंनी खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते अडीच ओळींचं होतं आणि त्यात सगळंच्या सगळं गार्थला दिलेलं होतं.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी नणंद ग्लेनिस पेलो हिने करावी. माझे पती गार्थ आणि त्यांची ही थोरली बहीण गेल्या नाताळच्या जेवणापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ती म्हणाली होती, "रेघा ओढून मासा गळाला लागत नाही रे." तो म्हणाला, "तू आपली बस चालव." ती तीस वर्षं बस चालवते आहे आणि तिने आजवर कोणाला भलत्या गावी उतरवलेलं नाही. म्हणून तीच.

कलम २. खेकड्यांची जाळी आणि लांब बूट शेजारच्या ओल्गाच्या नवऱ्याला द्यावेत. शिवणयंत्र आणि बँकेतली माझी बचत माझ्या मुलीला, टेगनला. त्यातून तिने आधी दाढेचं काम करून घ्यावं. ती पुढे ढकलेल, मला माहीत आहे.

कलम ३. निळी फाइल. आलेखांवरून शेअरबाजार ओळखायला शिकवणाऱ्या एका दोन दिवसांच्या वर्गात ती गार्थला मिळाली. वर्ग घेणारे गृहस्थ शेवटच्या दिवशी म्हणाले होते, "कंपनी काय करते ते पाहू नका, फक्त किंमत पाहा." ती फाइल त्यांना परत पाठवावी. टपालखर्च त्यांनी भरावा.

कलम ४. घर. हे घर आम्हा दोघांच्या सामाईक नावावर होतं. एक गेलं की आपोआप दुसऱ्याचं व्हायचं. सप्टेंबरमध्ये मी वकीलबाईंकडून आमचे हिस्से वेगळे करून घेतले. गार्थला तसं रीतसर पत्र आलं. त्याने ते न उघडता इतर पत्रांखाली ठेवलं. मी पाहत होते, आणि बोलले नाही. माझा अर्धा हिस्सा ग्लेनिसने विश्वस्त म्हणून सांभाळावा. गार्थने या घरात मरेपर्यंत राहावं, भाडं नाही. मात्र माझ्या हिश्श्यावर कोणतंही कर्ज काढता येणार नाही. त्याच्यामागे तो हिस्सा टेगनचा.

असं का केलं, ते लिहिणं भाग आहे. कर्जाचा अर्धवट भरलेला अर्ज मला त्याच्या प्रिंटरवर सापडला. त्यात आमच्या घराचा पत्ता त्याच्या अक्षरात होता.

कलम ५. या कलमात मी काही देत नाही, कबूल करते. कारखान्यातली नोकरी गेल्यावर गार्थ सकाळी साडेनऊला, सिडनीचा बाजार उघडला की, पडद्यासमोर बसू लागला. त्याची एक पद्धत होती. एखादा शेअर घ्यायचा असला की त्याचा आलेख छापायचा, कंपनीचं नाव आणि आकडे कात्रीने कापून टाकायचे, कागद उलटा, म्हणजे वरची बाजू खाली, धरायचा आणि माझ्यापुढे यायचा.

"मेर, हे तुझ्याकडे असतं तर विकलं असतंस का?"

उलट्या कागदावर मी "विकते" म्हटलं, तर सुलट्यावर घेण्यासारखं आहे, असा हिशोब. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून माझा डोळा निर्मळ, असं तो म्हणायचा. आणि बऱ्याचदा मी खरं सांगायचे. "हे म्हणजे कोंबडीने उकरलेलं दिसतंय," म्हटलं की तो हसून कागद फाडायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्याने निकेल शोधणाऱ्या एका कंपनीचा आलेख आणला. नाव कापलेलं होतं, तरी मी ओळखला. महिनाभर जेवणाच्या टेबलावर तो त्याच कागदावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढत होता. मला त्यात वर-खाली काहीच दिसत नव्हतं. "कळत नाही" हे खरं उत्तर होतं. पण चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याने दाढी केली होती.

मी म्हटलं, "विकते."

त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि नोकरी सुटताना मिळालेली सगळी रक्कम त्यात घातली. किंमत इतकी खाली आली की विकायचं, अशी रेघ त्याने आधीच आखली होती. किंमत तिथे आली तेव्हा त्याने रबर घेतलं आणि रेघ खाली आखली. असं तीनदा झालं. मग त्या शेअरची खरेदी-विक्रीच बाजाराने थांबवली. आलेख पानाच्या मध्येच तुटला. तो अजून रोज ते पान छापतो.

गार्थ, ती चूक तुझ्या एकट्याची नव्हती. मला हे तोंडाने सांगायला दोन वर्षं जमलं नाही.

कलम ६. फ्रिजवर लावलेला आलेखाचा कागद कोणालाही देऊ नये. त्यावर गार्थने माझ्या रक्ततपासणीचे आकडे मांडले आहेत, सरासरीच्या रेघेसकट. जुलैत तो म्हणाला, "हे बघ, मधे डोकं, दोन्हीकडे खांदे. अशी आकृती झाली की आकडा पडतोच."

मी विचारलं, "किती दिवसांत?"

"तीन-चार आठवडे. लिहून देतो."

आकडा चढला. त्याने नवा कागद घेतला, आधीचे सगळे ठिपके पुन्हा मांडले आणि म्हणाला, "दिवसांची पट्टी लहान घेतली होती मी." माझ्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं नाही. मी गेल्यावर शेवटच्या ठिपक्यापुढे त्याने रेघ वाढवू नये.

कलम ७. हे मृत्युपत्र ग्लेनिसने गार्थला रविवारी वाचून दाखवावं. बाजार बंद असतो, त्याचं लक्ष लागेल. आधी त्याला खाऊ घालावं.

कलम ८. सोबतीला आलेली ओल्गा आत्ता विचारत होती, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग सोमवारच्या आत सांग. कागद भांडत नाही ग, माणूस भांडतो."

भांडायला माझ्याकडे ताकद नाही. तो मला पटवेल. नेहमी पटवतो, आणि त्याचा चेहरा पाहून मी माझा हिस्सा परत त्याच्या हातात देईन. म्हणून लिहिते आहे.

आता शेवटचं. वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याने कोर्टात दाद मागितली, तर बहुधा त्याच्या बाजूने निकाल लागेल. पतीला इतकं कमी देणं कोर्टाला पटत नाही." म्हणजे गार्थ, या कागदाने तुला अडवता येत नाही. वर जे जे "करता येणार नाही" म्हणून लिहिलं आहे, ते सगळं तुला करता येईल. थोडा खर्च येईल आणि तुझ्या बहिणीविरुद्ध उभं राहावं लागेल, एवढंच. मग घर पूर्ण तुझं, आणि तो अर्जही तयारच आहे.

जाऊ नकोस. मी तुझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही; हे मागते. डोक्यावर छप्पर असू दे. टेगनला यायला एक दार असू दे. कोर्टात जाऊ नकोस.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्या दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

मेरिन जोन पेलो (सही)

साक्षीदार:
१. इफी स्टामोस, शाळेची मुख्याध्यापिका (सही)
२. डेस्मंड क्विल, वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून (सही)

स्थळ: पोर्ट पिरी
दिनांक: गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४