उंबऱ्यातला खिळा

सोम. १२ जाने. ५९
पहिली पाळी. चिंचवडच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागलाय. पाटीवर बाई, केस मोकळे, पाय उलटे. बाळंतपणात गेलेली आई हडळ होऊन येते, असं खाली लिहिलंय. रामभाऊ माझ्याच मशीनवर असतो. म्हणाला, तू नको येऊस. उद्या जाणारच. माझी बायको कुसुमही बाळंतपणातच गेली. सहा महिने झाले, एकदा स्वप्नातसुद्धा आली नाही.

बुध. १४
संक्रांत. यंदा घरात तिळगूळ नाही.
काल पाहिला. थू त्या सिनेमावर! हडळ म्हणे. टोप घातलेला बाप्याच होता, हनुवटीवर खुंट दिसत होते. नवऱ्याला दुःख झालं की गाणं म्हणतो, तेही दोनदा. कुसुमला पोचवून आलो तेव्हा मला पाणी गिळवत नव्हतं. पोरं शिट्ट्या मारत होती.
किळस आली ती शेवटाची. हडळ स्वतःच्याच तान्ह्याचा गळा दाबायला येते. मांत्रिक उंबऱ्यात खिळा ठोकतो, ती किंचाळत पळते. लोकांच्या टाळ्या. उठून बाहेर आलो. आई असं करील? लिहिणाऱ्याच्या घरात कधी कोणी मेलं नसावं.

गुरु. १५
पाळीत रामभाऊपाशी सिनेमाला शिव्या घातल्या. ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाला, "पर राव, तुमच्या उंबऱ्यात खिळा तूच ठोकलास की."
खरं आहे. मी मडकं धरून पुढे, चुलते तिरडीमागून राळे सांडत. दाणे वेचता वेचता तिला उजाडावं, घरापर्यंत पोचू नये. मी एका शब्दाने अडवलं नाही. आल्यावर आईने खिळा दिला, चार घावांत बसवला. टाळ्या वाजवणारे परवडले माझ्यापेक्षा. शी.

शुक्र. १६
कुसुमची छबी रांगायला लागली. आज उंबऱ्यापाशी गेली, खिळ्याने तळहात खरवडला. आईला म्हणालो, काढतो. तिने पोरीला पदराखाली घेतलं. कुसुम आली तर लेकरूच नेईल म्हणाली.
मी म्हटलं, "आये, रोज तिची येणीफणी तूच करायचीस."
"मेल्यावर सून ऱ्हात न्हाई बाबा."
जेवलो नाही. तीही नाही.

रवि. १८
सुट्टी. आई धुणं घेऊन नदीवर गेली. पकडीने खिळा उपटला. गंजलेला, हट्टी. छबीला दारापाशीच निजवलं, दार सताड उघडं. बरं वाटलं. ये म्हटलं मनात, तुझंच घर आहे.
आई आली. उंबऱ्यातलं भोक बघितलं, धुण्याचे पिळे तसेच खाली ठेवले. खिळा कुठाय, एवढंच विचारलं. तेवढ्यात छबी जागी झाली आणि रिकाम्या दाराकडे बघून खुदकन हसली.
आई भिंतीला टेकली. आणि खरं लिहायचं तर, माझा हात खिशातल्या खिळ्यावर गेला.