कोरडं वजन

४ मार्च
नोकरी लागली आणि हॉस्पिटलच्या मागेच खोलीही मिळाली. आणखी काय हवं? डायलिसिसचं काम सोपं आहे. पेशंट आला की आधी वजन. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं. त्याच्यावर भरेल ते अंगात साठलेलं पाणी, ते मशीनने काढायचं. माणूस अंगाने भरला असेल तर मात्र तो आकडा वाढवायचा. म्हणून आधी नडगी अंगठ्याने दाबायची. खड्डा पडला तर पाणी. सिस्टरांनी हे दोनदा समजावलं, जणू मी कालच शाळेतून सुटले.

७ मार्च
खिडकीजवळच्या खुर्चीत शिंपीकाका असतात. जिभेला हाड नाही. माझा ढगळ युनिफॉर्म बघून म्हणाले, पोरी, हा कुणाचा ढापलास? दे, दोन्ही बाजूंनी आत घेऊन देतो. मला फार आवडले.

१८ मार्च
काकांचं वजन तीन किलो वर. चोरून पाणी पितात, दुसरं काय. ते म्हणत होते, लेक राहायला आलीय, पोटभर जेवतोय, पँटची कंबरसुद्धा उसवून सैल केली. नडगी दाबून तर बघ. गर्दी होती. पेशंटने मला शिकवायचं? नाही दाबली. तिन्ही किलो काढायला मशीन लावलं. पायात गोळे येऊन ते कळवळले, तेव्हाही मी म्हटलं, काका, अजून पाणी आहे.
खुर्चीतच गेले. लेक डबा घेऊन दारात उभी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. मी मान हलवली.

२३ मार्च
दुपारी जरा पडले होते. कुणीतरी माझी नडगी दाबली. सावकाश, अंगठ्याने, दाबायला हवी तशी. खोलीत कुणी नव्हतं. घसा कोरडा पडलाय.

२६ मार्च
सिस्टर म्हणाल्या, चेहरा पार उतरलाय. काट्यावर उभी राहिले. सहा किलो कमी. खातेय, सारखं पाणी पितेय. मग युनिफॉर्म सैल का होत नाही?
उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना नवी शिवण. बारीक, सरळ टाके.

२८ मार्च
सगळे टाके उसवले. अंघोळ करून आले तर पुन्हा घातलेले. आधीपेक्षा आत. पायात गोळे —

२९ मार्च
काकांच्या लेकीकडे गेले. पाया पडले, सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, बाबांनी हातातलं काम कधी अर्धवट सोडलं नाही.

३० मार्च
दंडावर सुया टोचल्याच्या खुणा. मला कुणी सुई लावलेली नाही. भीती वाटते. खूप —

३१ मार्च
खिडकीजवळची खुर्ची. इथे कशी आले — उठता येत नाही. मशीन चालू आहे. नळीत रक्त, माझं — सिस्टर समोरून जातात, बघत नाहीत —
काका आलेत. दातांत दोरा. नडगी दाबत नाहीत आता. म्हणतात, पोरी, अजून पाणी आहे.
नाही काका. पाणी नाही हो, मांस आहे. दाबून बघा. एकदा दाबून